मेलेल्यांनी हेल्मेट काढायचं

आमची पलटण काश्मीरहून पुण्याला आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद घरच्यांना झाला. फौजेत याला पीस पोस्टिंग म्हणतात. सकाळी पीटी, मग परेड, संध्याकाळी व्हॉलीबॉल, रविवारी आउटपास. मी मुळशी तालुक्यातल्या माणचा. गेटातून बाहेर पडलं की तासाभरात घरी. आई म्हणाली, "आता काय भ्या न्हाई." मलाही तसंच वाटत होतं.

तेव्हा मी डी कंपनीत नायब सुभेदार होतो. आता सुभेदार म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. हे आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. शेजारच्या चांदे गावानं शाळेसमोर एक दगड उभा केलाय. गावातले जे जवान फौजेत गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं त्यावर कोरायची. नावं थोडीच. त्यातल्या एका नावावर अडलं, मल्हारीच्या. काही जण म्हणाले, तो लढाईत गेला नाही, सरावात गाडी उलटून गेला, त्याचं नाव कसं कोरायचं? बाकीचे बाह्या सरसावून उठले. शेवटी ठरलं की निकाल माणच्या अंकुश सुभेदारानं द्यावा. मी गावाबाहेरचा, फौजी, आणि कुणाची भीड ठेवत नाही असा माझा लौकिक. चांद्याच्या लोकांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मल्हारी मेला, असा निकाल मी पूर्वी एकदा दिलेला होता.

मल्हारी चांद्याच्या धनगराचा. आमची पहिली भेट माणच्या जत्रेत, आखाड्यात झाली. त्यानं मला ढाक मारून पाडलं. माझी पाठ मातीला नीट टेकलीच नव्हती असं मी आजही म्हणतो. पंचांनी त्याला विजयी केलं आणि मी चिडून त्याच्याशी बोलेना, तर हाच फेटा काखेत मारून घरी आला आणि आईला म्हणाला, "मावशी, अंकुशदाला सांगा, पुढल्या साली जिंकल्याचा नारळ त्यालाच." पुढच्या साली मी भरती झालो. दोन वर्षांनी तोही आला. तसं पाहिलं तर चिकटच माणूस. काश्मिरात आम्ही एकाच पोस्टवर राहिलो. एकटे असलो की मी अंकुशदा, चारचौघांत साब. पुण्याला आलो तोवर तो नाईक झाला होता आणि बी कंपनीच्या एका सेक्शनचा, म्हणजे दहा जणांच्या तुकडीचा, कमांडर.

दिवाळीनंतर मुळशी धरणाच्या अंगाच्या डोंगरात आमचा सराव ठरला. बी कंपनीनं एक टेकाड जिंकायचं. सी कंपनी शत्रू होऊन त्यावर बसणार. मला अंपायर केलं.

अंपायर म्हणजे क्रिकेटचा नव्हे. सरावात बंदुकीत ब्लँक असतं. ब्लँक म्हणजे आवाज होतो, पण गोळी नसते. मग कोण मेलं आणि कोण वाचलं हे ठरवणार कोण? जवानांना विचाराल तर एकही मरत नाही. म्हणून प्रत्येक सेक्शनमागे एक अंपायर चालतो. दंडावर पांढरी पट्टी, पाठीवर रेडिओ सेट. तो ना या बाजूचा, ना त्या बाजूचा. रस्ता दाखवायचा नाही, हात द्यायचा नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. तो बोट करून म्हणतो, तू मेलास. मेलेल्यानं हेल्मेट काढायचं, जागेवर बसायचं, हुज्जत घालायची नाही. उघडं डोकं दिसलं की लांबूनही कळतं, हा गेला. मग मेलेल्यांना गाडीत घालून खाली न्यायचं, चहा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी ताजी कुमक म्हणून परत पाठवायचं. ऐकायला पोरखेळ वाटेल. पण इथं जो जिथे मरतो तो खऱ्या लढाईत तिथे मरू नये, यासाठी ही सगळी यातायात असते.

आदल्या संध्याकाळी तंबूत ब्रीफिंग झालं. माझ्या वाट्याला मल्हारीचं सेक्शन आलं. मी उभा राहिलो.

"साहब, त्या सेक्शनचा कमांडर माझ्या गावाकडचा आहे. मला दुसरं सेक्शन द्या."

सराव घेणारे मेजर साहेब नकाशावरून मान वर न करता म्हणाले, "इसीलिए दे रहा हूँ. दूसरे उसे छोड़ देंगे. तू नहीं छोड़ेगा."

मी "जी साब" म्हणून बसलो. छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

सकाळी उजाडल्यावर हल्ला सुरू झाला. कंपनी समोरच्या सोंडेवरून चढणार होती. मल्हारीनं आपल्या कंपनी कमांडरकडून परवानगी काढली आणि सेक्शन घेऊन डावीकडच्या ओढ्यात उतरला. नकाशावर तिथे सरळ कडा होता, म्हणून शत्रूनंही तिकडे माणूस बसवला नव्हता. पण मल्हारीच्या घरची मेंढरं पिढ्यान् पिढ्या याच डोंगरात चरायला यायची. कारवीच्या गचपणात तो वाकून शिरला आणि एका दगडामागून वर निघाला. पाय ठेवायला खाचा होत्या. तो एकेकाला हात देऊन वर घेत होता. मी सगळ्यात मागे, एकटा चढत होतो. मला हात द्यायची त्यालाही बंदी होती. अर्ध्या चढावर त्यानं वळून माझ्याकडे बघितलं आणि हसला. त्याला शाब्बासकी हवी होती. मी तोंड फिरवलं. आतून मी खूष होतो. शाब्बास म्हणायचं मात्र राहिलं ते राहिलंच.

कडा संपल्यावर वाळलेल्या गवताचा उघडा उतार होता आणि त्याच्या वर सी कंपनीची एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन. तिचं तोंड पलीकडे होतं. मल्हारी आणि पाच जण गवतात आले, बाकीचे अजून कड्याच्या आडोशाला होते. तेवढ्यात गनवरच्या एकाला चाहूल लागली. गनरनं एलएमजी फिरवली, नेम धरला, ट्रिगर दाबला. बारीकसा खट आवाज आला. गन अडकली होती. मल्हारी ओरडत वर धावला आणि गनरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू मेलास रं."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सरावाच्या लेखी सूचना माझ्या खिशात होत्या, पण काढायची गरज नव्हती. ब्लँकमध्ये जोर कमी असतो, त्यामुळे एलएमजी हमखास अडकते. म्हणून सूचना स्पष्ट होती. माणूस उघड्यावर असेल, गनरनं नेम धरून ट्रिगर दाबला असेल, तर ब्लँक अडकलं तरी फायर झालं असं धरायचं. गनरचा नेम मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. नळी थेट मल्हारीच्या छातीवर होती.

"जे उघड्यावर होते ते सहा मेले," मी म्हणालो. "सेक्शन कमांडर धरून."

"साब, गन बंद पडली. गोळी सुटलीच न्हाई. मी मेलो कसा?"

"ब्लँक अडकलं. खरी गोळी सुटली असती."

"खरी बी अडकती की. तितं वर अडकली हुती तवा तुमीच हुता माझ्याजवळ."

हे खरं होतं. काश्मिरात एका रात्री समोरच्याची गन अडकली म्हणून आम्ही दोघं जिवंत होतो. पण ते सूचनेत लिहिलेलं नव्हतं.

"निकाल दिलाय. हेल्मेट काढ."

त्यानं हनुवटीचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढलं. केस घामानं चप्प बसले होते. बाकीच्या पाचांनीही काढली. मी सेटवर बोललो.

"कंट्रोल, अंपायर फोर. ब्राव्हो लेफ्ट, सिक्स डेड. ओव्हर."

"रॉजर, सिक्स डेड. आउट."

बी कंपनीचा हल्ला फसला. मल्हारीचं सेक्शन वर टिकलं असतं तर टेकाड हाती आलं असतं. मेलेल्यांची गाडी टेकाडामागच्या कच्च्या रस्त्यावर उभी होती. मल्हारीनं जाता जाता मला नियमाप्रमाणे सॅल्यूट केला नाही. मेलेल्याला सॅल्यूट माफ असतो. गाडीच्या मागच्या फळीला टेकून, हेल्मेट मांडीवर घेऊन तो बसला. गाडी वळणापलीकडे गेली.

पावसाळ्यात त्या रस्त्याची कड आतून खचली होती. वरून काही दिसत नव्हतं. मी टेकाडावर पाण्याची बाटली उघडत होतो. इंजिनाचा आवाज चढला आणि एकदम थांबला. मग झाडीतून धुरळा वर आला. मी धावलो.

खरोखरची दुर्घटना झाली तर सेटवर एक ठरलेला शब्द बोलायचा असतो. त्या सरावात तो शब्द होता सफेद.

"कंट्रोल, अंपायर फोर. सफेद, सफेद, सफेद. सिक्स कॅज्युअल्टी आणि ड्रायव्हर. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"अंपायर फोर, वो सिक्स तो पहले से डेड हैं. बोर्ड पे चढ़ गए हैं. ओव्हर."

"कंट्रोल, सफेद. सफेद! गाडी दरीत गेलीय."

"से अगेन, अंपायर फोर. असली या एक्सरसाइज?"

"असली!"

सेटवरचा तो पोरगा वाईट नव्हता. त्याच्यासमोरच्या फळ्यावर त्या सहा जणांसमोर सकाळीच फुली मारलेली होती. फुली मारलेला माणूस पुन्हा कसा मरेल, हे त्याच्या डोक्यात शिरेना. ते त्याला मीच कळवलं होतं.

गाडी खाली एका शेताच्या बांधाला अडून आडवी पडली होती. ड्रायव्हर आणि पाच जण जिवंत होते, कुणाचा हात मोडला होता, कुणाच्या बरगड्या. मल्हारी बाहेर फेकला गेला होता. त्याचं हेल्मेट गाडीत होतं, धडधाकट. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. श्वास चालू होता. पांढऱ्या पट्टीचा हात त्याच्या डोक्याखाली होता आणि ती पट्टी भिजत गेली. मी मल्हारी, मल्हारी म्हणत राहिलो. डॉक्टर पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. नंतर मी त्यांना विचारलं, सेटवर वेळ गेला नसता तर? ते म्हणाले, काही फरक पडला नसता. हेल्मेट डोक्यावर असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही.

समोरच्या उतारावर मेंढरं चरत होती. ती कुणाची आहेत हे मला माहीत होतं.

मल्हारीच्या वडलांकडे, येसूआबांकडे, पलटणीच्या सुभेदार मेजर साहेबांबरोबर मीच चालत गेलो. आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. मी म्हणालो, "आबा, गाडी उलटली." एवढंच म्हणालो. तो गाडीत का होता, ते सांगितलं नाही.

चौकशी झाली. रस्त्याचा दोष निघाला. माझ्या निकालाबद्दल शेरा आला की तो सूचनांना धरून होता. आमच्या पलटणीत त्यानंतर एक बदल झाला. मेलेल्यांनी हेल्मेट काढायचं नाही, गळ्यात पांढरी फीत घालायची. मी पुढे आणखी बरीच वर्षं नोकरी केली. अंपायरची ड्यूटी लागली की मी आजारी पडायचो. खरोखर ताप चढायचा.

निवृत्तीनंतर माणला आलो. शेत होतं तिथे आता चार मजले उभे आहेत आणि आयटीतली पोरं भाड्यानं राहतात. त्यांची पार्किंगवरून जुंपली की "अंकल, आप बताओ" म्हणून माझ्या दारात येतात. ते मी सोडवतो, त्यात कुणी मरत नाही. जत्रेत आखाड्याची शिट्टी हातात घ्यायला मात्र दर साली नाही म्हणतो. चांद्याला मी तेराव्याला गेलो होतो, त्यानंतर गेलो नाही. गाव एवढं जवळ, की तिकडचा लाउडस्पीकर माझ्या गच्चीवर ऐकू येतो. तरी वाट वाकडी करून नांदे गावावरून जायचो.

चांद्याच्या लोकांनी देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवली होती. माझ्यासाठी मध्ये खुर्ची मांडलेली. येसूआबा खांबाला टेकून, खांद्यावर घोंगडी टाकून बसले होते. फार वाळले होते. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

पंचायतीतला एक तरुण सदस्य उठला. बोलायला नम्र होता. "सुभेदार, आमाला मल्हारीकाकाबद्दल आदर हाय. पर बाकीची दोन नावं सीमेवरची हायेत. ह्यो अपघात. उद्या कुणी म्हणंल, माझा भाऊ आयटी कंपनीच्या गाडीत गेला, त्याचं बी कोरा. तवा तुमी सांगाल ते मान्य."

दुसऱ्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "अरं, वर्दीत गेलाय त्यो!"

"गप बसा. त्यास्नी बोलू द्या."

मी खुर्चीतून उठलो.

"मी हा निकाल देऊ शकत नाही," मी म्हणालो. "निकाल देणारा तिऱ्हाईत लागतो. मी तिऱ्हाईत नाही. काय झालं ते सांगतो, ठरवा तुम्ही."

आणि खाली सतरंजीवर बसून मी सगळं सांगितलं. ओढा, कडा, गवत, एलएमजी. मी मेलो कसा, असं त्यानं विचारलं तेही. हेल्मेट काढ, असं मी म्हणालो तेही.

"म्हंजी तुमी त्यास्नी मेलं म्हणला नसता," तो सदस्य हळूच म्हणाला, "तर ते गाडीत बसलंच नसतं."

"नसता बसला."

येसूआबांनी घसा खाकरला. सगळे तिकडे वळले.

"मला ठाव हाय ते," आबा म्हणाले. "पयल्या दिसापासनं."

"कसं?" मी विचारलं.

"गाडीत बसायच्या आदी त्याचा फोन आलता. ड्रायव्हरच्या फोनवरनं. हसत हुता. म्हणला, आबा, आज मी मेलोय. मेल्याल्याला फोन चालतोय. अंकुशदानं मारलं मला. मी म्हणलं, असलं वंगाळ बोलू नगं." आबांनी घोंगडी सावरली. "मेंढरं पांगली हुती, म्या फोन ठिवला."

मग ते माझ्याकडे वळले.

"अंकुशा, तुला म्या रोज शिव्या देत आलो. सकाळी उठलं की पयली शिवी तुला. आता खरं सांग. तुजा निकाल बरुबर हुता का?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. चूक झाली आबा, म्हणायचं होतं. म्हाताऱ्याला तेवढं तरी मिळालं असतं. पण मल्हारीच्या बाबतीत खोटं बोलवेना.

"बरोबर होता, आबा."

आबांनी मान हलवली. "त्यो बी तसंच म्हणला. म्हणला, आबा, भांडलो मी त्याच्यासंगं, पर गनची नळी माझ्याकडंच हुती. अंकुशदानं सोडलं असतं तर त्योच माझ्या मनातनं उतरला असता." त्यांचे डोळे कोरडे होते. "तू चुकलो म्हणला असतास, तर बरं झालं असतं रं. तू बी बरुबर, त्यो बी बरुबर. मंग मी भांडू कुणाशी?"

मला रडू आलं. वर्दीत एकदाही आलं नव्हतं, त्या बांधावरसुद्धा. गावासमोर, सतरंजीवर बसून मी रडलो.

"माझ्याशी भांडा, आबा," मी म्हणालो.

दगडाचा निर्णय गावानं त्याच बैठकीत घेतला. त्या तरुण सदस्यानंच नाव सुचवलं आणि कुणी हात वर करा म्हणायच्या आत सगळ्यांनी केले. बाकीच्या नावांच्या खाली, तेवढ्याच अक्षरांत कोरलंय, नाईक मल्हारी येसू. पुढे काही नाही, शहीद नाही की अपघात नाही.

आबा आता रविवारी माणला येतात. नातू मोटारसायकलवर आणून सोडतो. भाड्याची पोरं त्यांना जिन्यात वाट करून देतात. मी चहा ठेवतो आणि शिव्यांची वाट बघतो. आबा शिव्या देत नाहीत. बशीत ओतलेला चहा संपवतात, मिशा पुसतात आणि म्हणतात, "हं. वड्यापासनं सांग."

मी ओढ्यापासून सांगतो. कारवीत तो कसा वाकून शिरला. दगडामागची वाट त्याला कशी सापडली. पहिली खाच कुठे होती, दुसरी कुठे. आबा मधेच दुरुस्ती करतात, कारण ती वाट त्यांनीच त्याला दाखवली होती. मग तो एकेकाला हात देऊन वर घेतो, अर्ध्यावर वळून माझ्याकडे बघतो, हसतो. आणि आता मी शाब्बास म्हणतो, मोठ्यानं म्हणतो, माझ्याच खोलीत. मग कडा संपतो. मल्हारी गवताच्या कडेला येतो, सगळ्यांच्या पुढे. गनचं तोंड अजून पलीकडे आहे.

"थांब," आबा म्हणतात. "हितंच थांब."

मी थांबतो.